नानासाहेबांची कविता आणि माझा हॅकर

त्या मंगळवारी सकाळी मी फक्त तीन शब्द बोललो: "अकाउंट हॅक झालंय." बोललो तेव्हा ते साफ खोटं होतं. गुरुवारी दुपारी ते खरं झालं. स्वतःचं खोटं एवढ्या मेहनतीनं खरं करून दाखवणारा माणूस आमच्या चिकलठाण्याच्या सोसायटीत दुसरा नसेल. (छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. तिथं एवढी मेहनत घेतली असती तर साहेब होऊन निवृत्त झालो असतो.)

मूळ भानगड कवितेची. आमच्या सौ.चे, म्हणजे प्रमोदिनीचे, थोरले बंधू नानासाहेब पिशोरला असतात. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कविता करू लागले. शाळेत निदान घंटा वाजली की मुलांची सुटका व्हायची, फेसबुकवर आम्हाला ती सोय नाही. रोज सकाळी एक कविता आणि सोबत हनुवटीखाली मूठ ठेवलेला फोटो. सासूबाई गेल्यापासून प्रमोदिनीला माहेर उरलं ते नानासाहेबांपुरतंच, त्यामुळे प्रत्येक कवितेखाली मी चार वर्षं नेमानं लिहीत आलो: "अप्रतिम, नानासाहेब! डोळे पाणावले." लिहीत आलो म्हणजे एकदा लिहिलं होतं, पुढं चिकटवत आलो. ('मतदान अवश्य करा' या कवितेलाही माझे डोळे पाणावले होते.)

माझा खरा अभिप्राय मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर इंद्रजीतला जायचा. इंद्रजीत म्हणजे कचेरीतला माझा जुना मित्र. दोघंही रिकामेच, तेव्हा रोज सकाळी नानासाहेबांची कविता हा आमचा नाश्ता.

मंगळवारी एका हातात चहा, एका हातात फोन, चष्मा कपाळावर. इंद्रजीतला गेलं, "अप्रतिम, नानासाहेब! डोळे पाणावले." (त्याचं उत्तर आलं, "वहिनींना फोन दे.") आणि नानासाहेबांच्या कवितेखाली जाऊन बसलं ते हे: "या माणसाला पेन बाळगण्यासाठी शासनाने परवाना सक्तीचा करावा. आणि तो देऊ नये."

कवितेचं नाव होतं 'आई'.

हे मला आंघोळीहून आल्यावर कळलं, कारण प्रमोदिनी फोन घेऊन दारातच उभी होती. तोपर्यंत एकोणीस जण खदखदून हसले होते. त्यातले बरेचसे पिशोरचेच.

"हे काय लिहिलंत?"

"कुठं?"

"माझ्या आईच्या कवितेखाली."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर मी भांडलो असतो, पण तिचे डोळे भरलेले पाहिले आणि घाबरून ते तीन शब्द बोलून मोकळा झालो. तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई! तरीच! तुम्हाला असलं लिहायला जमेल तरी का?"

(आयुष्यात मी लिहिलेलं ते एकमेव बरं वाक्य, आणि त्याचं श्रेय घ्यायची सोय नाही.)

तिनं लगेच पिशोरला फोन लावला. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "हॅक झालं असंल तर सोडवून घ्या. अन् तसं जाहीर लिहा. सगळ्या गावानं वाचलंय." रविवारी त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. त्याच्या आत हे निस्तरलं नाही, तर प्रमोदिनीला भावाच्या दारात मान खाली घालून जावं लागणार होतं.

संध्याकाळी आमची कन्या सई कामावरून आली. ती एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघते. तिनं बॅग ठेवायच्या आत प्रमोदिनीनं माझा फोन तिच्या हातात दिला.

"बाबा, पासवर्ड बदलल्याचा मेल आला होता का?"

"नाही."

"अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना?"

"बहुधा नाही."

"तुम्ही न पाठवलेले मेसेज कुणाला गेलेत?"

"एक इंद्रजीतला गेलाय," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

तिनं कुठं कुठं बोट फिरवून एक यादी काढली. आपलं अकाउंट कुठल्या कुठल्या फोनवर उघडलेलं आहे, ते त्यात दिसतं म्हणे. यादीत एकच ओळ होती. सईनं ती वाचली, मग माझ्याकडं पाहिलं आणि आई स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, हॅकर चिकलठाण्यातच आहे. सोफ्यावर बसलाय. बनियनवर."

"हळू बोल."

"आईला आजच सांगून टाका. मी नाही सांगणार. आणि तो पासवर्ड बदला. नावापुढं एक-दोन-तीन कुणी ठेवतं का?"

मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. बुधवारी सकाळी मी जाहीर निवेदन टाकलं: "माझे अकाउंट हॅक झाले आहे. कृपया नोंद घ्यावी." (हॅक झालेल्या अकाउंटवरूनच हे कसं टाकलं, असं फक्त सईनं विचारलं. पिशोरकरांनी हात जोडलेली चित्रं टाकली.) मिनिटाभरात त्याखाली अकरा अनोळखी भल्या माणसांनी लिहिलं, की आमचंही असंच झालं होतं आणि अमुक एका सरांनी पाच मिनिटांत परत मिळवून दिलं. त्यातले 'सायबर एक्स्पर्ट सत्यम सर' प्रमोदिनीला पसंत पडले, कारण त्यांच्या फोटोत टाय होता.

गुरुवारी दुपारी तिनंच फोन लावला. स्पीकरवर.

"अंकल, टेन्शन नहीं लेने का. अभी आपके फोन पे छे नंबर का कोड आएगा. बस वो बोलो."

कोड आला. त्याच्याखाली लिहिलं होतं, हा कोणालाही सांगू नका. आता मी अगदीच बावळट नाही. बँकेचा असा मेसेज आला तर मी तो स्वतःसुद्धा मोठ्यानं वाचत नाही. पण शेजारी प्रमोदिनी बसलेली. ज्याचं अकाउंट खरंच हॅक झालंय तो माणूस अशा वेळी आनंदानं कोड सांगेल, आणि मी तर तो माणूस होतो!

"सांगा की! थांबलात काय?" प्रमोदिनी म्हणाली.

"अगं, हे असं परक्याला..."

"परका कसा? मदत करायलाय बिचारा!"

मी सहाही आकडे सांगितले. निविदा वाचून दाखवावी तसे, एकेक, ठळक आवाजात. पलीकडून "शाब्बास अंकल" असं आलं, फोन कटला, आणि दोन मिनिटांत माझ्या फोनवरचं फेसबुक मला पासवर्ड चुकीचा आहे म्हणून सांगू लागलं. मी सत्यम सरांना सतरा वेळा फोन लावला. प्रमोदिनी म्हणाली, "त्यांना काम करू द्या."

काम ते करतच होते. शुक्रवारी सकाळी नानासाहेबांचा फोन आला. प्रमोदिनी पलंगावर वास्तुशांतीच्या आहेराच्या साड्या मांडून बसली होती, तिनं स्पीकर लावायला सांगितलं.

"अनंतराव, मोकळं झालं म्हणा की अकाउंट! अन् काय लिहिलंत हो रात्री! 'बहोत सुंदर कविता सरजी, माताजी को प्रणाम.' मी घरात विचारलं, हिंदीत का लिहिलं असंल? तर आमची ही म्हणाली, मनातून आलं की माणूस कोणत्याबी भाषेत बोलतो."

नानासाहेब बोलत राहिले, मी स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागलो.

"अन् तुमचे ते फौजी मित्र बदलीवर चाललेत, त्यांचं सोफा-कपाट मी घेतो. परवा लोक बसवायला पायजेतच. तुम्ही मेसेज केला तसं टोकन आत्ताच पाठवायलो."

"पाठवू नका! नानासाहेब, अकाउंट हॅक झालंय!"

"व्हय, झालं होतं. आता सुटलं ना?"

"नाही, आता झालंय. तेव्हा झालं नव्हतं."

तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकलेला माणूस तो. "अनंतराव, नीट सांगा. मंगळवारी पेनाचं लिहिलं ते कोण?"

अजूनही एखादं खोटं सापडलं असतं. पण तोवर त्यांचं टोकन गेलं असतं.

"मी."

प्रमोदिनीच्या हातातली साडी अर्धी घडी होऊन तशीच राहिली.

"अन् आईला प्रणाम केला तो?"

"तो चोर."

"बरं," नानासाहेब म्हणाले. "त्यानं वाचली तरी. तुम्ही वाचली होती का?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

प्रमोदिनीनं पिशोरला न्यायच्या बॅगेतून माझे कपडे काढले, व्यवस्थित कपाटात ठेवले आणि बाहेर जाऊन बसली.

मग तिच्याच फोनवर मी ती कविता पहिल्यांदा वाचली. कविता वाईटच आहे, यावर मी अजून ठाम आहे. 'आई'ला 'घाई' जुळवलंय, 'घाई'ला 'सई' (आमची सई, केवळ यमकासाठी). पण चौथ्या कडव्यात लिहिलं होतं, की प्रमा, म्हणजे आमची प्रमोदिनी, येणार असली की आई सकाळपासून स्टँडवर जाऊन बसायची, गाडी दुपारची असली तरी. त्या दुपारच्या गाडीतून प्रमोदिनीबरोबर इतकी वर्षं मीच उतरत आलो होतो. सासूबाई आत्ताच आल्या असतील, असं मला वाटायचं. मला स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी सईनं सूत्रं हातात घेतली. आधी सगळ्या नातेवाइकांना फोन, की सोफा कुणीही घेऊ नका. मग हॅक झालेल्या अकाउंटच्या पानावर तक्रार. मग माझं ओळखपत्र, मग चेहऱ्याचा व्हिडिओ: डावीकडं बघा, उजवीकडं बघा. पहिल्यांदा तो नामंजूर झाला. (दोष माझाच. प्रोफाइलवर फोटो लग्नातला होता, मुंडावळ्यांसकट.) शनिवारी दुपारी अकाउंट परत आलं. सईनं नवा लांबलचक पासवर्ड घातला आणि म्हणाली, "आता डबल सुरक्षा. लॉगिन करताना एका विश्वासाच्या नंबरवर कोड जाईल. कुणाचा घालू?"

"माझाच घाल," मी म्हणालो.

"विश्वासाचा, म्हणाली ना ती?" शुक्रवार सकाळपासून प्रमोदिनी पहिल्यांदाच बोलली. "नानाचा घाल."

रविवारी तिनं मला शेवटी बरोबर नेलं. पिशोरला भर मांडवात मी नानासाहेबांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं, बहिणीकडं पाहिलं आणि म्हणाले, "प्रमाकडं बघून सोडतो." तिनं डोळ्याला पदर लावला, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग खाली सतरंजीवर सगळ्यांबरोबर मी पोटभर जेवलो.

आता प्रमोदिनी रोज झोपण्याआधी माझं अकाउंट बंद करते, सुरक्षेसाठी. सकाळी उघडायचं म्हणजे पिशोरला फोन करून कोड मागावा लागतो. नानासाहेब कोड देतात, नाही असं नाही. आधी आजची कविता म्हणून दाखवतात, मग त्यावर तीन प्रश्न विचारतात, एका वाक्यात उत्तरे. पास झालो तरच कोड. तीन आठवड्यांत मी एकदाच पास झालो. त्या दिवशी नानासाहेबांचा घसा बसला होता.