सरांच्या शंका

भूगोलाच्या सरांना सगळी शाळा टरकून असे आणि सर टरकून असत दातांच्या डॉक्टरला. दाढ ठणकू लागली तेव्हा त्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या, लवंग धरली, गाल टम्म फुगला तरी "वारं लागलं" म्हणून सांगितलं. शेवटी बायकोने चपला पुढ्यात आणून ठेवल्या.

"जाताय, की मी हाताला धरून नेऊ?"

सर गेले. इंजेक्शनने अर्धा गाल बधिर झाला, पण भीती काही बधिर होईना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांपर्यंत मास्क. पेशंटला धीर यावा म्हणून कोपऱ्यातल्या स्पीकरवर त्यांनी पियानो लावला होता. घुर्र करत ड्रिल जवळ आलं आणि बुडत्याने काडी धरावी तसा सरांनी एक प्रश्न धरला.

"अहो डॉक्टर, हे कोणी रचलंय?"

ड्रिल थांबलं. बाई पियानोवेड्या निघाल्या. हा संगीतकार पुढे बहिरा झाला तरी रचत कसा राहिला, ते त्यांनी रंगून सांगितलं. सरांना त्याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण तेवढा वेळ दाढ वाचली होती. मग काय, ड्रिल उचललं की शंका तयार. हा दुसरा कुठल्या देशाचा? तिथलं हवामान कसं? बाहेर थांबलेले पेशंट मुद्दाम खोकू लागले. असंच रेटलं तर दवाखाना बंद व्हायची वेळ होईल, असा सरांचा हिशेब होता.

"हा तर माझा अगदी आवडता," तिसऱ्याबद्दल त्यांनी ठोकून दिलं. "याच्याविषयी जरा सविस्तर सांगा."

बाईंनी मास्क खाली केला.

"सर, ओळखलं नाहीत? खिडकीजवळचा शेवटचा बाक. चाचणी टळावी म्हणून शंका विचारत बसायची, ती मीच. तुम्ही म्हणायचा, शंका शेवटी. करा आता आ."

शंका शेवटी म्हणायचं आणि शेवटी घ्यायच्याच नाहीत, ही सरांची जुनी रीत होती. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले. ड्रिल सुरू झालं.

तेवढ्यात स्पीकरवर नवीन काहीतरी लागलं. फार संथ. एकेक सूर भीत भीत पुढे येत होता, थबकत होता, आणि तरी येत होता. हे रचणारा माणूसही कशाला तरी भ्यायलाय, सरांना वाटलं, पण उठून पळालेला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाढेसाठी नव्हतं.

"झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्पीकर बंद केला.

"हे शेवटचं कोणाचं होतं?" सर घाईघाईने उठून बसले. या खेपेला त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

"तास संपला, सर. शंका पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

"दुसरा दात दुखेल तेव्हा. पण तुमचे बाकीचे दात ठणठणीत आहेत."

घरी बायकोने विचारलं, फार दुखलं का. आरशापुढे उभे राहून सर जिभेने एकेक दात चाचपत होते, कुठे थोडं तरी दुखतंय का, या आशेने.