सावळेरामचा मधला पिस्टन

सावळेराम मास्तरच्या ट्रम्पेटला तीन पिस्टन होते आणि त्यातला मधला वीस वर्षं त्याच्या जिवावर उठला होता. दाबला की निमूट खाली जायचा, पण वर यायचं नाव काढायचा नाही. मग मास्तर डाव्या हाताच्या बोटानं त्याला उचकटून वर काढायचा आणि गाणं पुढं न्यायचा. तेवढ्यापुरता सूर तुटायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, मास्तरला उचकी लागली.

त्याच्या गावी, डिंगोऱ्यात, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण अठ्ठ्याण्णव सालच्या लग्नसराईत शिनोलीला पुण्याचे पावणे त्या उचकीला खदाखदा हसले आणि व्हिडिओवाल्याला सांगून त्यांनी तेवढाच तुकडा दोनदा वाजवून घेतला. सावळेराम त्या लग्नात जेवला नाही. गावची यात्रा पंधरा दिवसांवर आली होती. भैरवनाथाच्या पालखीपुढं वाजवायचा मान त्याच्या बँडचा आणि आसपासच्या गावांतले लोक तिथं ऐकूनच लग्नाच्या सुपाऱ्या द्यायचे. तिथंही कुणी हसलं तर बँड गुंडाळावा लागेल, या धास्तीनं तो ट्रम्पेट घेऊन जुन्नरला सोमाजी मिस्त्रीकडं गेला.

सोमाजीची लेथ. पाण्याचे पंप आणि फवारणीचे पंप हे त्याचं रोजचं काम, पण पिस्टन म्हटला की त्याला ट्रम्पेटचाही वर्ज्य नव्हता. त्यानं तो एका डोळ्यानं न्याहाळला. एका बाजूनं झिजलाय, स्प्रिंग तर कधीच मेली, असं निदान केलं, वर वीस वर्षं काय झोपला होतास म्हणून मास्तरला झापलं. आठ दिवस खपून त्यानं पिस्टनवर नवा थर चढवून आणला, घासून नळीत बेताचा बसवला आणि नवी स्प्रिंग घातली. आता बोट उचललं की पिस्टन टुणकन वर. सावळेरामच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा.

यात्रेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पालखी वेशीपर्यंत न्यायची असते. सावळेरामनं नेहमीची चाल धरली. लोण्यासारखे सूर निघाले, कुठं अडकणं नाही, तुटणं नाही. आणि पन्नास पावलांवर पालखी कलंडली.

त्याचं असं होतं. त्या चालीत पिस्टन अडकला की भोई पालखीचा खांदा बदलायचे. कुणी ठरवलेलं नव्हतं, वीस वर्षांत अंगवळणी पडलं होतं. आज उचकी आलीच नाही. पुढच्यांनी अंदाजानं खांदा बदलला, मागचे उचकीची वाट बघत राहिले. देवाचा मुखवटा घसरला तो गेणभाऊंनी वरच्यावर झेलला, म्हणून थोडक्यात निभावलं.

गेणभाऊ यात्रा कमिटीचे म्होरके. पालखी देवळात परतल्यावर त्यांनी मास्तरला समोर उभं केलं. मास्तरनं पिस्टनची सगळी हकीकत सांगितली.

"दुरुस्त केला, मग बिघडला कसा?" गेणभाऊ म्हणाले. "उद्याच्याला पहिल्यासारखं वाजवायचं. न्हाई तर पेठचा बँड सांगितलाय मी."

सकाळच्या पहिल्या एसटीनं सावळेराम जुन्नरला. पिस्टन होता तसा झिजवून दे म्हणाला. सोमाजीनं हातातला पाना खाली ठेवला.

"मास्तर, त्याला झिजायला वीस वर्षं लागली. मी दुपारपातूर कुठून झिजवू?" मग जरा दुखावून म्हणाला, "आन् येवढं काय वाईट झालंय काम, ते मीच येऊन बघतो."

घरी आल्यावर मास्तरनं वाजवताना उचकीच्या जागी अंदाजानं थांबून पाहिलं. कधी थांबणं लांबलं, कधी आखूड पडलं. दोनदा तर खरीच उचकी लागली. बायको प्रयागबाई पुरण वाटता वाटता ऐकत होती. शेवटी तिला राहवेना.

"मनात कशापायी मोजताय?" ती म्हणाली. "बोटानं उचकटायचा ना, तसंच उचकटा. वर आला आसंल तर येऊ द्या की. त्याला काय कळतंय?"

दुपारी पालखी निघाली. पेठचा बँड वेशीवर तयारीत बसला होता. पहिल्या वळणावर सावळेरामनं मधला पिस्टन दाबला, तो टुणकन वर आला, तरी यानं बोट लावून आणखी वर ओढल्यासारखं केलं. सूर तुटला. सोळा खांदे एकदम बदलले आणि पालखी संथ पुढं सरकली. देऊळ येईपर्यंत मास्तर चांगला पिस्टन उचकटत राहिला.

आरती झाल्यावर गेणभाऊंनी गर्दीतून सोमाजीला शोधून काढलं, नारळ दिला आणि खांद्यावर उपरणं घातलं. पेठच्या बँडला जेवून जा म्हणून निरोप गेला.

"काल जरा कसर राह्यली व्हती, मिस्त्री," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "आज काम पक्कं झालं."

आपल्या कामात कसर राहिली हे सोमाजीनं जन्मात कुणाचं ऐकून घेतलेलं नव्हतं. त्यानं सावळेरामकडं पाहिलं. मास्तरनं हात जोडले होते.

"हां," सोमाजी म्हणाला, "स्प्रिंग जरा कडक बसली व्हती. आज ढिली केली."