चोरचोळी

अंबूबाई खरं तर विळी शोधत होत्या. फडताळात डब्यांमागे हाताला चिंध्यांची पुरचुंडी लागली. जुन्या सुती लुगड्याचे चौकोनी तुकडे, वाळून कडक झालेले. त्यांनी एक तुकडा नाकाशी नेला. तीन लेकरं पाजलेल्या बाईला तो वास कुणी सांगावा लागत नाही. दूध.

घरात बाया दोनच. अंबूबाईंचं वय सरलेलं, म्हणजे उरली सून, रेणुका. एखादीला दिवस राहताच दूध उतरतं, असं त्यांनी ऐकलं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. सासूने लावून दिलेले मंगळवारचे उपास ती बिनबोभाट करत होती. तरी गेल्या दिवाळीत अंबूबाई तिच्या देखतच म्हणाल्या होत्या, "हिला न्हाई व्हत तर संदेशला दुसरी बघू."

आता सरळ विचारलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तिसरा महिना लागेपर्यंत तोंडातून शब्द काढला की नजर लागते, हे सुदुंबऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंबूबाईंनी पुरचुंडी होती तशी ठेवली आणि सुनेच्या हातातली कळशी काढून घेतली.

"ठेव ती. मी आणते."

"का, आत्याबाई?"

"का म्हणून इचारायचं न्हाई."

मग भाकरीवर तूप आलं. दुपारी पडायला गोधडी आली. रेणुकाला घास गोड लागेना. माहेरी धाडायच्या आधी सून वाळलेली दिसू नये, म्हणून हे चाललंय, असं तिने धरलं. जत्रेच्या बोकडालाही शेवटी शेवटी चांगलाच पाला मिळतो. तिने गुपचूप पिशवी भरून दारामागे ठेवली.

त्यात संदेश दर सुटीला लोणावळ्याला जाऊ लागला. मित्राकडे, म्हणायचा. येताना चिक्की आणायचा.

"डोहाळे," अंबूबाई शेजारच्या मंगलच्या कानात म्हणाल्या. सांगितलं ते फक्त मंगलला.

"गोडाचे? मग पोरगीच, मावशी."

"पोरगी तर पोरगी. मला आता कायबी चालंल."

मंगलनेही फक्त जावेला सांगितलं. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात गर्भारणीला द्यायच्या चोरचोळीच्या दिवशी, जिची कुणाला कुणकुण लागू द्यायची नसते, ओटीवर आळीतल्या झाडून सगळ्या बाया हजर होत्या. पवनानगरहून विहीणबाईही आल्या. आईला बघताच रेणुका दारामागची पिशवी घेऊन बाहेर आली.

"पिशवी कशाला गं?" अंबूबाईंच्या हातात हिरवी चोळी होती.

"आई न्यायलाच आलीय ना मला?"

"न्यायला? अगं, दिवस गेलेत तुला."

"मला?" रेणुका म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

अंबूबाई आत जाऊन पुरचुंडी घेऊन आल्या. "मग हे दूध कुणाचं?"

"माझं."

संदेश दारात उभा होता. हातात चिक्कीचा पुडा. एक बाई हसली आणि कुणीच साथ देईना तशी गप्प झाली.

तो पायरीवरच बसला. "सदरा ओला व्हायचा. कंपनीत कुणी बघंल म्हणून आत चिंधी लावायचो. डोकं बी लय दुखायचं. हितं दाखवलं असतं तर गावभर झालं असतं, म्हणून लोणावळा." मेंदूच्या बुडाशी गाठ होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. कॅन्सरची नव्हे. "ती प्रोलॅक्टिन म्हणून हार्मोन जादा सोडती. बाळंतिणीला दूध येतं ते त्यानंच. बाप्याच्या अंगात ते थोडंच लागतं. वाढलं की बाकीची ताकद मरती." मग त्याने रेणुकाकडे पाहिलं. "मूल न्हाई ते माझ्यापायी. गोळ्या दिल्यात. गाठ आटती म्हणत्यात. पुढचं मात्र डॉक्टर नक्की सांगत न्हाईत."

"तुमाला कवा कळलं?"

"मागल्या महिन्यात."

"आन् मी पिशवी भरत व्हते."

त्याने चिक्कीचा पुडा पुढे केला. तिने घेतला नाही.

बाया एकेक करून उठल्या. आई म्हणाली, "चल." रेणुका म्हणाली, "तू जा. मी दोन दिवसांनी बघते." पिशवी पुन्हा दारामागे गेली, भरलेलीच.

अंबूबाईंना आजार म्हटला की एकच शुश्रूषा येत होती, बाळंतिणीची. दुधाच्या दुखण्यावर तर येत होतीच. दुसऱ्या दिवसापासून संदेशच्या कानाला फडकं आलं. "गार पाण्यात हात घालू नगं," त्याला बजावण्यात आलं. सुनेसाठी वळलेले डिंकाचे लाडू त्यानेच मुकाट्याने संपवले. चौथ्या लाडवाला रेणुका तोंड फिरवून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

मंगळवारी दुपारी अंबूबाईंनी तिच्यापुढे भरलं ताट ठेवलं.

"आज मंगळवार, आत्याबाई."

"ठावं हाय." अंबूबाईंनी स्वतःचं ताट पालथं घातलं. "आजपास्नं त्यो उपास माझा."

रेणुकाने ताट जवळ ओढलं. मग तिने भाकरी मोडली. अंबूबाईंनी एकदा दारामागच्या पिशवीकडे पाहिलं, आणि न विचारताच दुसरी भाकरी वाढली.