अधिक-उणे अर्धा तारा

शनिवारी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका मराठी मंडळाच्या वाचनालयात अंबूबाईंनी एक मत व्यक्त केलं. त्यापूर्वी त्यांनी कोणताही अर्ज भरला नव्हता, कुणाची परवानगी घेतली नव्हती, आणि मत व्यक्त करतेवेळी त्यांच्या हातात डिंकाची बाटली होती. सौम्या नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, "अक्का, तो सिनेमा कसा आहे? जाऊ का?" फाटक्या पुस्तकाला डिंक लावता लावता अंबूबाई म्हणाल्या, "बरा आहे की गं. मधे स्वल्प ओढलाय. पण शेवटी धाकटी बहीण गिरणी बंद करते ना, तिथं मी रडले. जाऊन ये."

तो सिनेमा म्हणजे दोन बहिणी आणि त्यांची पिठाची गिरणी यांवरच्या एका सहाशे पानी कादंबरीवरून काढलेला. त्याचं नाव मी इथं देत नाही. नाव दिलं की लोक भांडायला लागतात, आणि मंडळात जे काही झालं ते त्या भांडणापायीच झालं.

झालं होतं असं. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी लिहिलं, "ठीकठाक वाटला." त्यावर दुसऱ्यानं लिहिलं, "तुम्हाला कळला नसेल." झालं! दोन दिवसांत नऊ जण गट सोडून गेले, आणि गणपतीच्या आरतीला अर्धं मंडळ टाळ्या वाजवायचं तेव्हा उरलेलं अर्धं हाताची घडी घालून उभं राहायचं. सिनेमा मात्र थेटरात बिचारा आपला चालू होता.

इथं कार्याध्यक्ष विद्याधर पटवेकर पुढं सरसावले. विद्याधररावांनी एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं मोजमापाची उपकरणं तपासली होती. म्हणजे इतरांनी वस्तू मोजायच्या आणि यांनी मोजणारी साधनं मोजायची. निवृत्त झाल्यावर मोजायला माणसांखेरीज काही उरलं नाही. त्यांनी सभेत छाती ठोकून निदान केलं, "भांडण सिनेमामुळे नाही. प्रत्येकाची आवड वेगळं माप दाखवते म्हणून आहे. कारखान्यात दर वर्षी प्रत्येक मोजपट्टी प्रयोगशाळेत जाते, मानकाशी ताडून पाहिली जाते. बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल, 'वापरू नये'. आपण सभासदांचं कॅलिब्रेशन करू."

कुणाचा तरी विरोध होईल असं तुम्हाला वाटलं असेल. छे! मारतहळ्ळीहून येणारी, आयटीतली देवश्री तर हरखूनच गेली. "काका, सुपर! मी डॅशबोर्ड बनवते. सगळ्यांची टेस्ट रिअल टाइममध्ये दिसेल." नमुना म-७ छापून आला. 'मानक मत' एका पाकिटात घालून, लाखेचं सील मारून लोखंडी कपाटात ठेवण्यात आलं. ते असं होतं : 'प्रस्तुत सिनेमा बरा आहे, तथापि त्याला पुस्तकाची सर नाही. अडीच तारे.' सभासदाचं मत यापासून अर्ध्या ताऱ्यापेक्षा जास्त ढळता कामा नये.

मत गुप्त होतं. म्हणून आत जाणारा बाहेर येणाऱ्याला विचारून घ्यायचा. एकशे बारा सभासदांपैकी एकशे अकरा जण पास झाले, तेही पहिल्या फटक्यात. विद्याधररावांचे डोळे पाणावले. कारखान्यात असा निकाल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकशे अकरा ओळखपत्रांवर हिरव्या चिठ्ठ्या डकवल्या गेल्या आणि उरल्या फक्त अंबूबाई, ज्यांचं ते डिंकाच्या बाटलीसह केलेलं विधान विद्याधररावांनी बाकावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

अंबूबाई बनशंकरीत राहायच्या. त्यांचे पूर्वज इकडे आले त्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली. गेली अकरा वर्षं दर शनिवारी मेट्रोनं येऊन त्या वाचनालय उघडायच्या. तीन कपाटं, एक किल्ली, खिडकीशी एक खुर्ची. कुणाला काय द्यावं हे त्यांना बरोबर ठाऊक असे. "हे घे, पहिली चाळीस पानं सोस, मग हातचं सोडवणार नाही," असं त्या म्हणायच्या आणि माणूस पुस्तक घेऊन जायचा. पुस्तकं त्या तेवढ्या दोन वाक्यांवर चालायची. आठवडाभर स्वयंपाक आणि गुडघेदुखी, शनिवारी ही खुर्ची. त्यांना दुसरं काही नको होतं.

सुनावणीला टेबलापलीकडे विद्याधरराव, देवश्री आणि सचिव सुधींद्र असे तिघं बसले.

"किती तारे?" विद्याधररावांनी विचारलं.

"तारे? चार द्या की, अण्णा."

"कारण?"

"रडले मी."

"किती?"

"म्हणजे?"

"रडण्याचं प्रमाण. मिनिटं, रुमाल, काही तरी मोजता येईल असं सांगा."

"काका, फॉर्ममध्ये रडण्याचा कॉलमच नाहीये," देवश्री म्हणाली. "मी 'इतर' मध्ये टाकते."

"बरं. पुस्तकापेक्षा चांगला की वाईट?"

"पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा की. पुस्तकात पहिली ऐंशी पानं नुसतं पीठ उडतंय. सोडून दिलं तरी चालतंय."

सुधींद्रांनी नाक मुरडलं. हे गृहस्थ पुण्याचे. बंगळूरला येऊन तीस वर्षं झाली तरी मनानं ते अजून डेक्कनवर कॉफी पीत बसलेले. ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण तुमचं मराठी जरा... आहे ना तसं. कादंबरीतले बारकावे तुम्हाला कितपत..."

"माझं मराठी साडेतीनशे वर्षं टिकलंय, अण्णा," अंबूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या नातवाचं कसं आहे?"

सुधींद्र चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवर होता.

निकाल लागला. दीड ताऱ्याची तफावत, अधिक अश्रू. ओळखपत्रावर लाल चिठ्ठी लागली. लाल चिठ्ठीचं साधन कामाच्या जागी ठेवता येत नाही, हा नियमच. सबब पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारपर्यंत अंबूबाईंनी मत दुरुस्त करून घ्यावं, अन्यथा वाचनालयाची किल्ली जमा करावी. तोवर त्यांनी वाचकांना पुस्तक द्यावं, पण त्याविषयी बोलू नये.

घरी नवरा सयाजी म्हणाला, "सोड की. अडीच म्हण. तारे काय तुझ्या बापाचे आहेत?"

"बापाचे नाहीत. पण रडले मी होते."

"मग काय झालं? मंडळापुढं हो म्हण, घरी येऊन चार म्हण. मी ऐकतो."

चार शनिवार गेले. लोक यायचे, कपाटापुढं उभे राहायचे, अंबूबाईंकडे बघायचे. त्या ओठ मिटून बसायच्या. लोक हात हलवत परत जायचे. तिसऱ्या शनिवारी तर एकही पुस्तक गेलं नाही, आणि अंबूबाईंचा धीर सुटला. आरशापुढं उभ्या राहून त्यांनी पाच वेळा म्हणून पाहिलं, पुस्तकाची सर नाही, पुस्तकाची सर नाही. खोटं बोलायला एवढे कष्ट पडतात हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. पण किल्ली हवी होती.

ठरल्या शनिवारी त्या मंडळात गेल्या आणि म्हणाल्या, "सरी, अण्णा, कबूल. अडीच लिहिते. फक्त हे मत कुणाचं आहे ते सांगा. ज्यानं सिनेमा पाहिला त्याच्याशी दोन शब्द बोलते, माझं कुठं चुकलं ते समजून घेते, मग सही करते."

दुसरा कुणी असता तर त्यानं हे उडवून लावलं असतं. पण विद्याधरराव हाडाचे तपासनीस. मानकाचा उगम दाखवता आला पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. "रास्त आहे," ते म्हणाले. "हे मत मी सुधींद्रांकडून घेतलं. त्यांचा व्यासंग."

"मी सिनेमे बघत नाही," सुधींद्र घाईनं म्हणाले. "मला देवश्री म्हणाली, पुस्तक बेटर आहे म्हणून. मी ते फक्त मराठीत आणलं."

"मला कुठं वेळ असतो, काका? सिल्क बोर्डच्या सिग्नललाच माझं आयुष्य चाललंय," देवश्री म्हणाली. "मला मेट्रोत सौम्या म्हणाली होती."

सौम्याला फोन लागला. स्पीकरवर तिचा आवाज आला, "मी? मी अजून नाही पाहिला. मला अक्का म्हणाल्या होत्या ना, आधी पुस्तक, मग सिनेमा."

सगळ्यांनी माना वळवून अंबूबाईंकडे पाहिलं.

"म्हटलं होतं की," त्या म्हणाल्या. "ते पुस्तक सहा आठवडे तिच्याकडंच पडून होतं. दुसरे लोक मागत होते. म्हटलं, आधी पुस्तक वाचून परत दे, मग सिनेमाचं बघ."

"म्हणजे सिनेमा पाहिल्यावर तुम्ही हे..." विद्याधररावांनी विचारलं.

"अय्यो, तेव्हा सिनेमा कुठं लागला होता, अण्णा? नुसतं पोस्टर होतं."

"आणि अडीच तारे?" सुधींद्रांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पाचाचे निम्मे," विद्याधरराव म्हणाले. "कुणाची हरकत नको म्हणून."

आता इथं एखाद्या साध्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला असता आणि चहा मागवला असता. अंबूबाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी पर्समधली किल्ली चाचपली आणि पहिल्यांदाच जरा हसल्या. पण हसणं फार लवकर झालं. विद्याधररावांनी दोन मिनिटं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते तेजानं नुसते चमकत होते.

"एकशे अकरा हिरव्या चिठ्ठ्या लागल्या आहेत," ते म्हणाले. "त्या काढता येत नाहीत. म्हणजे मानक बरोबरच आहे. मानक अंबूबाईंपासून निघालं, म्हणजे अंबूबाई याच आपल्या मूळ मानक आहेत. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही?"

"मग ते चार तारे?" देवश्रीनं विचारलं.

"झीज! अकरा वर्षं दर शनिवारी येईल तो यांना मत विचारतोय. रोज हाताळलं की सोन्यासारखं मानकसुद्धा बिघडतं. चूक त्यांची नाही, आपली आहे. मूळ मानक कधी वापरायचं नसतं. काचेत, ठरावीक तापमानाला, कुणाचा हात लागू न देता ठेवायचं असतं."

ठराव एकमतानं संमत झाला. पुढल्या शनिवारी अंबूबाईंचा भव्य सत्कार झाला. शाल, नारळ, मानपत्र. सुधींद्रांनी साडेतीनशे वर्षांच्या मराठी परंपरेवर वीस मिनिटं भाषण केलं, आणि टाळ्या चालू असतानाच अंबूबाईंच्या हातून किल्ली घेतली. मंडळाचं गणपतीचं मखर ठेवायची काचेची खोली रिकामी करून तिथं खुर्ची मांडली होती. एसी वीस अंशांवर लावला. बाहेर पाटी लागली : मूळ मानक. बोलू नये.

ती शाल तिथं फार उपयोगी पडते. अंबूबाई दर शनिवारी तीन तास ती पांघरून काचेआड बसतात. जाऊ नको, असं सयाजी म्हणतो. पण न जाऊन करायचं काय, शनिवार तर उगवतोच. पुस्तकं आता कुणी नेत नाही, त्यामुळे कुणाचं मतही बिघडत नाही. देवश्रीच्या डॅशबोर्डवर मंडळातली एकूण तफावत शून्य दिसते. बंगळूरच्या इतर भागांतली मंडळंही चौकशी करू लागली आहेत.

मागच्या शनिवारी सौम्या आली. दोन्ही हातांत दोन कादंबऱ्या घेऊन ती काचेसमोर उभी राहिली आणि भुवया उंचावून विचारती झाली, कुठली नेऊ? अंबूबाईंचा हात शालीतून बाहेर आला. डावीकडच्या पुस्तकाकडे वळायला लागला.

"अंबूबाई!" बाकावरून विद्याधरराव ओरडले. "वापर नको!"

हात परत शालीत गेला. सौम्यानं दोन्ही पुस्तकं कपाटात ठेवून दिली आणि म्हणाली, "राहू दे. यांच्यावर सिनेमा येईलच कधीतरी." ती गेल्यावर अंबूबाईंना रडू कोसळलं. देवश्रीनं ते तत्परतेनं नोंदवलं. 'इतर' मध्ये.

आता तुमच्याकडे वळतो. मघापासून तुम्ही या लोकांना हसताय, न पाहिलेल्या सिनेमाला तारे देतात म्हणून. पण त्या सिनेमाचं नावही मी तुम्हाला सांगितलेलं नाही. अंबूबाईंचं रडणं आणि कादंबरीतलं पीठ तेवढं सांगितलं, तेही ऐकीव. तरीसुद्धा तो सिनेमा कसा असेल, हे तुमचं ठरलेलं आहे. आणि पुस्तक त्याहून बरं असणार, हेही एव्हाना मनात येऊन गेलंय. अहो, लाजता कशाला! हिरवी चिठ्ठी छापून तयार आहे. नाव तेवढं घालायचं राहिलंय.