खांबेटे सायबांची कांडी

पोलादपूरचे खांबेटे सायेब लग्नाच्या पंगतीला बसले, की मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी खिशातली कांडी काढून त्यात बुडवायचे. वीतभर कांडी, खाली काचेचा मणी, वर चौकोनात आंबटपणाचा आकडा. तो वाचून शेजारच्याला सांगायचे, "चार आणि चार दशांश. प्या बिनधास्त." एकदा नवरीचा मामा त्यावरून रुसून उठून गेला. सायबांनी त्याच्या उरलेल्या मठ्ठ्यातपण कांडी घातली.

महाडच्या कारखान्यात औषधं तपासायच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. रिटायर झाले तवा बायको नव्हती, पोरगा पुण्याला. मंग गच्चीवर बिनमातीची शेती मांडली. पांढऱ्या नळांना भोकं पाडलेली, त्यात काथ्या, काथ्यात पालक न् टोमॅटो, आणि नळातून टाकीतलं खताचं पाणी खेळतंय. पाण्याचा आकडा साडेपाच ते साडेसहाच्या मधीच पायजे. कमी आला म्हंजे पाणी आंबट झालं. कांडी नसली तर झाडं आठ दिसांत माना टाकतील, असं ते सांगायचे.

मी त्यांच्याकडं भांडी-लादी करायची. वरच्या वाडीतून रोज उतरायची, रोज चढायची. नवरा लवकर गेला, दोन पोरी पदरात, मंग पाय चालवावेच लागतात. शाळा मी दुसरीतच सोडलेली, पण आकडं वाचाया सायबांनी शिकवलं. आमटीत मीठ अंदाजानं टाकलं बोलले, तर ते विचारायचे, "अंदाज म्हणजे किती ग्रॅम, हौसाबाई?" मी बोलायची, खाऊन बघा न् तुमीच सांगा.

एका पावसात दरड आली न् माझ्या शेताचं दोन तुकडं गाडून गेली. गावातली माणसं आली, बसली, रडली. सायेब छत्री घेऊन तासभर चढून आले, ते बसलेच नायत. नव्या मातीचा गोळा तांब्यात कालवला, कांडी बुडवली. "पाच आणि आठ दशांश. भात येईल," येवढं बोलले न् उतरून गेले. मला राग आलेला. पण फुडच्या साली भात आला.

पोरगा पुण्याला चला म्हणून मागं लागलेला. शेवटी दोघांचं ठरलं, झाडं जगवताय तवर ऱ्हावा, झाडं मेली की निघायचं. दर दोन-तीन महिन्यांनी तो रविवारचा बघायला यायचा.

तो यायच्या आधल्या एका शुक्रवारी कांडी मोरीवर राहिली. मण्याला बुळबुळीत कायतरी लागलेलं. मी बोलले, सगळी भांडी लखलखीत, हिनंच काय पाप केलंय? नारळाची शेंडी घेतली, चुलीतली राख घेतली न् मणी घासघासून काढला. तांब्या-पेल्याच्या रांगेत उन्हात वाळत घातली.

सांजच्याला सायबांनी ती टाकीत बुडवली. सात. लिंबाच्या रसात बुडवली. सात. नुसती हवेत धरली, तरी सात.

मी सांगून टाकलं, "मी घासली सायेब. राखेनं."

त्यांनी मणी उजेडाकडं धरला, बराच वेळ फडक्यानं पुसत बसले. मंग बोलले, "तुमचा काही दोष नाही. ती महिनाभर बंदच होती. मी आपला उगाच बुडवत होतो."

त्याच दिशी सकाळी टाकीचा आकडा त्यांनी मलाच वाचाया लावलेला. पाच आणि नऊ दशांश. आठवड्यामागं ह्याच कांडीनं आठ दाखवलेलं, तवा आंबट औषधाचे थेंब टाकलेले. मी चहा ठेवला.

रविवारी पोरगा आला. गच्चीच्या दारातच उभा ऱ्हायला, चपला भिजतील म्हणून आत येईना. त्यानं विचारलं, "काय बाबा, पाणी ठीक ना?"

सायबांनी कांडी टाकीत बुडवली. मी जवळच पाला वेचीत बसलेली. चौकोनात सात.

"सहा," सायेब बोलले. आवाज जरा बारीक निघाला.

पोरगा माझ्याकडं वळला. "काय हो मावशी, बरोबर वाचतात ना? डोळे कसे आहेत त्यांचे?"

मी उठले, कांडीवर वाकले, नीट बघून घेतलं.

"सहाच हाय," मी बोलले.