पोंग्याच्या मापाची अंगठी

नरेश गजभिये होणाऱ्या बायकोच्या बोटाचं माप शर्टाच्या खिशात घालून घरी आला, तेव्हा ते माप अजून कुरकुरीत होतं. माप म्हणजे एक पोंगा. तळलेला, पिवळा, नळीसारखा. लहान मुलं आधी बोटात घालतात आणि मग खातात, तोच. संध्याकाळी सिविक सेंटरला प्रेरणाने गंमत म्हणून पाचही बोटांत पोंगे घातले होते, आणि नरेशच्या डोक्यात दिवा पेटला होता.

"तो करंगळीच्या बाजूचा मले दे," तो म्हणाला.

"कावून? पाकिटात एवढे पडले आहेत ना."

"मले तोच पाहिजे."

"पागल है क्या तू? ले." प्रेरणाने पोंगा काढून दिला. त्याने तो खाल्ला नाही, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. प्रेरणा पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला होती. रुळावरचा केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. पण या प्रकाराला कोणत्या दोषात बसवावं, ते तिलाही कळलं नाही.

सरळ विचारलं असतं तर काम भागलं असतं, पण नरेश तोंडाने फसला होता. प्रेरणाच्या मोठ्या बहिणीच्या, समृद्धीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, अंगठी सैल निघाली होती. ती बोटातून निसटून मंचाखाली गेली, आणि निम्मे पाहुणे ओणवे होऊन तिला शोधत असताना उरलेले निम्मे जेवून घेत होते. नातेवाइकांत हा किस्सा अजून चवीने सांगितला जाई. "माह्या साक्षगंधात असा तमाशा झाला ना, तं मी मंचावरून उतरून सीधा घरी चालली जाईन," असं प्रेरणाने बजावलं होतं. त्यावर नरेशने प्रेमाच्या भरात छाती फुगवून सांगितलं होतं, "तुले विचारणार बी नाही, माप बी घेणार नाही, तरी अंगठी अशी बसंल का पाहतच राहशील." प्रेमात माणूस असलं काहीबाही बोलून बसतो आणि मग त्याची झोप उडते.

त्याने पोंगा स्टीलच्या छोट्या डबीत ठेवला, डबी फ्रीजवर ठेवली आणि तो निश्चिंत मनाने झोपला. घरच्यांना काही सांगितलं नाही, ही त्याची पहिली चूक.

सकाळी त्याच्या आईने, पंचफुलाबाईंनी, फ्रीज पुसताना डबी उघडली. आत एकच पोंगा होता. "एक पोंगा कोण ठेवते बाप्पा डबीत?" असं स्वतःशी म्हणत त्यांनी तो चहाबरोबर खाऊन टाकला. वाया घालवणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शेवटचा तुकडा घशाखाली उतरतो न उतरतो तोच नरेश दात घासत बाहेर आला.

"आई, फ्रीजवरच्या डबीले हात लावू नको. त्यात प्रेरणाच्या बोटाचं माप आहे. अंगठीसाठी."

पंचफुलाबाईंना जोराचा ठसका लागला. पोराला तोंड धुवायला धाडून त्या मागच्या दाराने नाक्यावरच्या किराण्याच्या दुकानात गेल्या आणि पोंग्यांचं पाकीट घेऊन आल्या. त्यातला एक डबीत गेला, पाकीट कणकेच्या डब्यामागे गेलं. पोंगे काय, सगळे सारखेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मग नरेशने माप वडिलांना दाखवलं. गुलाबराव गजभिये मशीन शॉपमधून रिटायर झाले होते, पण मशीन शॉप काही त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. पोळी जाड झाली तरी ते किती जाड झाली ते सांगत.

"असा पोंगा नेऊन देशील सोनाराले? ड्रॉइंग नाही, डायमेंशन नाही?" ते म्हणाले. "तू आंघोळ करून ये. मी रीडिंग काढून ठेवतो."

नरेश न्हाणीत गेला. गुलाबरावांनी कपाटातून मखमलीच्या पिशवीतला व्हर्नियर काढला, चष्मा लावला, पोंगा व्हर्नियरच्या जबड्यात धरला आणि सवयीप्रमाणे किंचित आवळला. आयुष्यभर त्यांनी लोखंड मोजलं होतं. पोंग्याचा चुरा झाला. रीडिंग राहिलं बाजूला.

त्यांनी आधी चुरा खाऊन पुरावा नष्ट केला. मग स्वयंपाकघरात हात घालत घालत कणकेच्या डब्यामागे पोहोचले, आणि तिथे त्यांना पोंग्यांचं अख्खं पाकीट सापडलं. ते तिथे कसं आलं, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण संकटात मदत मिळाली की माणूस चौकशी करत नाही. त्यांनी नजरेने माप ताडून एक पोंगा निवडला आणि डबीत ठेवला.

"रीडिंग?" नरेशने डोकं पुसत विचारलं.

"पोंग्याचं रीडिंग घेत नसतात बे," गुलाबराव करड्या आवाजात म्हणाले. "डायरेक्ट सँपलच दे."

सोनार होते कृष्णराव. मूळचे भंडाऱ्याचे, म्हणजे गजभियांच्या हिशेबात जवळजवळ घरचेच. नरेशला अंगठीवर पिंपळाचं पान हवं होतं. कृष्णरावांनी डबी उघडून पोंगा पाहिला, नरेशकडे पाहिलं आणि डबी गल्ल्याशेजारी ठेवली. धंद्यात त्यांनी सगळं पाहिलं होतं, एवढंच नव्हतं पाहिलं.

आठवड्याने नरेश मेणाचा साचा पाहायला गेला. पान गोल गरगरीत झालं होतं.

"हे तं विड्याचं पान झालं, काका. पिंपळाले लांब टोक असते."

"टोक होऊन जाईन. टोकात काय आहे!"

पुढच्या खेपेला टोक होतं. लांब, बारीक, शेवटाला किंचित वळलेलं. नरेश बराच वेळ साचा फिरवून पाहत राहिला.

"काका, हा उंदीर दिसून राहिला."

कृष्णरावांनी भिंग लावून पाहिलं. उंदीरच होता, त्यात शंका नव्हती. "शिरा काढल्यावर पान दिसन," ते म्हणाले. शिरा काढल्यावर तो मिशीवाला उंदीर दिसू लागला. तेव्हा कृष्णरावांना राग आला, आणि रागाच्या भरात त्यांनी चहा मागवला. चहाबरोबर काहीतरी चावायची त्यांना सवय होती. हात गल्ल्याशेजारच्या डबीकडे गेला. नरेश गेल्यावर डबी बंद करायला घेतली, तेव्हा त्यांना कळलं की आपण गिऱ्हाइकाचं माप खाल्लं.

त्यांनी लाजेकाजेने गुलाबरावांना फोन लावला. "गुलाबराव, तुमी मशीन शॉपवाले. त्या पोंग्याचं माप तुमी लिहून ठेवलंच असन ना? म्हणजे, असंच विचारून राहिलो."

गुलाबरावांना दरदरून घाम फुटला. "कावून? पोंगा कुठं गेला?"

"पोंगा आहे जी," कृष्णराव म्हणाले. खोटं नव्हतं ते. पोंगा होता, फक्त जागा बदलली होती.

फोन ठेवल्यावर गुलाबरावांना राहवलं नाही. त्यांनी पंचफुलाबाईंना बाजूला घेऊन आपला गुन्हा कबूल केला. त्या आधी खवळल्या, मग एकदम पदराशी चाळा करू लागल्या.

"तुमी जो चुरला ना," त्या हळूच म्हणाल्या, "तो बी प्रेरणाचा नव्हता. प्रेरणाचा म्या खाल्ला."

नरेशला सांगायचं दोघांच्याही जिवावर आलं. पोरगं रोज आरशासमोर उभं राहून हवेत अंगठी घालायचा सराव करत होतं.

"मीच जातो तिच्या घरी," पंचफुलाबाई शेवटी म्हणाल्या. "पोंगे घेऊनच जातो. घालून पाहिले का एक उचलून आणतो."

त्या दोन पाकिटं घेऊन रामटेक्यांकडे गेल्या. प्रेरणाचे वडील देवाजी रामटेके यांनी जय भीम करून त्यांना बसवलं आणि पाकीट समोर ओढलं.

"बेटा, बोटात घालून पाह ना," पंचफुलाबाई प्रेरणाला म्हणाल्या. "मजा येते."

"आई, मी काय लहान आहो का?"

"घाल ना. मी बी घालतो." आणि त्यांनी खरंच दोन्ही हातांत पोंगे घातले. प्रेरणा त्यांच्या दहा बोटांकडे टक लावून पाहू लागली. होणारी सासू, वय साठीचं, समोर पोंगे घालून बसलेली. तिला एकदम सिविक सेंटरची संध्याकाळ आठवली. तेवढ्या वेळात देवाजींनी गप्पांच्या नादात दोन्ही पाकिटं फस्त केली होती. पंचफुलाबाई हात हलवत परत आल्या.

साक्षगंधाचा दिवस उजाडला तरी अंगठी आली नव्हती. उंदराचं पान व्हायला वेळ लागत होता. सेक्टरच्या सामाजिक भवनात पाहुणे जमले, बुद्धवंदना झाली, आणि नरेश नव्या कोटात दाराकडे डोळे लावून बसला. कृष्णराव धापा टाकत आले आणि त्यांनी मखमली डबी थेट त्याच्या हातात ठेवली. पान सुंदर झालं होतं. टोकासकट पिंपळाचं, अगदी वाऱ्याने आत्ता हलेल असं. नरेशला भरून आलं. त्याने प्रेरणाचा हात हातात घेतला.

"थांब बे!" गुलाबराव ओरडले.

वाजंत्रीवाल्याने वाजवणं थांबवलं. समृद्धी पटकन मंचाखाली पाहू लागली.

"नको घालू," गुलाबराव मंचावर येत म्हणाले. "बसणार नाही ते. सँपल डुप्लिकेट होता. म्या व्हर्नियरमध्ये चुरला."

"यांचा काही कसूर नाही," पंचफुलाबाई मागून धावत आल्या. "असली पोंगा म्या खाल्ला. चहासंगं."

"तुमी काय बोलून राहिले?" नरेशने अंगठी मागे घेतली. "मंग सोनाराले दिला तो कोणता होता?"

सगळ्यांच्या माना कृष्णरावांकडे वळल्या. कृष्णराव एका खुर्चीच्या मागे सरकत होते. "तो बी राहिला नाही," ते म्हणाले. "थोडा नरम पडला होता, पण चांगला होता."

भवनात हशा पिकला. मागच्या ओळीतल्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून पुढच्यांनी त्यांना पहिल्यापासून सांगितलं आणि हशा पुन्हा पिकला. नरेश अंगठी हातात घेऊन उभा होता. ज्या तमाशाला प्रेरणा घाबरत होती, तो आपल्या घराने सहकुटुंब करून दाखवला होता. आता ही उतरून जाणार, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे पाण्याने भरले.

"घाल," प्रेरणा म्हणाली.

"बसणार नाही, प्रेरणा."

"अरे घाल ना यार."

त्याने डोळे मिटून अंगठी सरकवली. ती सांध्यावर किंचित अडली, पुढे गेली आणि बोटाच्या मुळाशी अशी बसली की जणू बोटाबरोबरच वाढली असावी. पंचफुलाबाईंनी आ वासला. गुलाबराव चष्मा काढून जवळून पाहू लागले.

"पण कसं काय?" नरेशने विचारलं.

"आई पोंगे घालून बसल्या तवाच समजलं मले," प्रेरणा म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी सोनाराच्या दुकानात जाऊन माप देऊन आली. काकाले म्हटलं, कोणाले सांगायचं नाही. काका, सांगतलं नाही ना?"

"पोटात ठेवलं जी सगळं," कृष्णराव छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले.

"माप विचारून घ्यायचं असते, नरेश," प्रेरणा शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली. "अंदाज से काम नहीं होता. आता हात कर इकडं."

तिने आपल्या पर्समधून नरेशची अंगठी काढली. पिवळीधमक, दणदणीत. रेल मिलची इन्स्पेक्टर एका झटक्यात ती नरेशच्या बोटात घालून मोकळी झाली. अंगठी सांध्यावर अडली नाही. कुठेच अडली नाही. बोटाच्या मुळाशी जाऊन ती एकदा गोल फिरली आणि हात जरा खाली होताच पुन्हा टोकाकडे निघाली. प्रेरणाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने झडप घालून नरेशची बोटं आत वळवली.

"मूठ मिट," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "सोडू नको."

"माप कायचं घेतलं तू?" नरेशने तेवढ्याच हळू आवाजात विचारलं.

"तुह्या ड्युटीवरच्या सेफ्टी ग्लोव्हचं. माह्या स्कूटीच्या डिक्कीत राहिला होता."

"चामड्याच्या?"

"चूप बस ना."

नरेशने ओठ गच्च मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच. मघापासूनचा सगळा घाम, सगळी भीती त्या हसण्यातून वाहून गेली. त्यानंतर तो दिवसभर मूठ मिटून वावरला. वडीलधारे जय भीम करायला येत तेव्हा तो एक तळवा आणि एक मूठ जोडी. एका मावशीने मुलगा कसरत करतो का, अशी चौकशी केली. देवाजींनी जावई फार जोशात आहे, असं चार जणांना कौतुकाने सांगितलं.

फोटोवाला मात्र हट्टाला पेटला. "भैया, हाथ खोलिए. अंगूठी दिखनी चाहिए."

"नहीं खोलेंगे," प्रेरणा म्हणाली. तिने नरेशची मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली आणि कॅमेऱ्याकडे पाहून गोड हसली. "ऐसे ही लो."

सगळ्या फोटोंत ती मूठ तशीच धरलेली आहे, जेवतानाच्याही. आल्बम पाहणाऱ्या बायका हमखास त्या फोटोंवर थांबतात आणि नवऱ्यांना कोपराने ढोसून म्हणतात, "पाहा, प्रेम कायले म्हणतात ते!"