मोरीखालची शिळा

वाटांचा जो धनी, न चालता सर्वत्र पोचतो, त्यास दंडवत घालून लिहिणे ऐसे जे. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते, नाव सांगावयाचे कारण नाही. तेथील महाराजांस पालखीवाचून झोप येत नसे आणि पालखीस धक्का बसला की आलेली झोप मोडे. म्हणोन दिवाणजींनी दर साल एक नवा कोरा रस्ता बांधावा आणि त्यावरून महाराजांनी निजल्या निजल्या जावे, ऐसी वहिवाट पडली. नव्या रस्त्याचे तोंडाशी महाराजांचे नावाची शिळा बसे. जुन्याचे डागडुजीस शिळा नाही, आणि जेथे शिळा नाही तेथे दिवाणजींची नजर नाही. मग सात वर्षांत सात रस्ते जाहले, पैकी तीन बागेकडे जात आणि एक कोठेच जात नसे, आणि रयतेचे जुने वाटेवर ओढ्याची मोरी खचली ती खचलीच.

ती नावे कोरणारा भिवजी पाथरवट. त्याची खाण मोरीच्या ऐलाड, आणि एकुलती लेक सगुणा पैलाड दिलेली. ती पहिलटकरीण, नववा लागलेला, बाळंतपणास माहेरी यावयाची. ओढ्यास काठ उभे, पाणी कमरेइतके आणि बर्फासारखे गार. भिवजीने दोनदा अर्ज केला, तेव्हा दिवाणजी बोलिले, "डागडुजी काय मागतोस वेड्या? पुढेमागे तेथे नवा पूलच बांधू." पुढेही गेले, मागेही गेले, पूल काही जाहला नाही. भिवजी छिन्नी चालवी आणि उघड्या डोळ्यांनी स्वप्न पाही, की गाडी येत आहे, घुंगरू वाजत आहेत, आणि छिन्नी थांबली की घुंगरूही थांबत. बापाचे काळीज, त्यास कोण समजाविणार?

ऐसे असता आठव्या रस्त्याचा मुहूर्त आला. शिळा न्यावयास हत्ती गेला, मागोमाग महाराजांची स्वारी निघाली, आणि धुके ऐसे दाटले की भोयांस आपुलेच पाय दिसेनात. दिवाणजी बोलिले, "छिन्नी वाजते तेथे शिळा, आणि शिळा तेथे नवा रस्ता. त्या रोखे चला." आणि पालखी आवाजामागे चालिली, जणू अवघी स्वारीच झोपेत चालत होती, आणि येऊन थांबली ती भिवजीचे खाणीशी, मोडक्या मोरीपाशी. मुहूर्ताचे धाकाने भिवजी शेवटले अक्षर कोरीत होता. पालखी थांबताच महाराज जागे जाहले. धुके अंमळ विरळ जाहले तो पैलाड एक गाडी उभी, आणि तीत एक बाई पोटावर हात ठेवोन बसलेली.

महाराज पुसते जाहले, "ती कोण?"

भिवजी बोलिला, "माजी लेक हाय, सरकार. पहाटंधरनं कळा देतीया, गाडीवान पल्याडनं वरडून सांगतोय. सुईण हितं हाय, अन् ती तितं."

"दिवाणजी, पूल कधी होईल?"

"दोन वर्षांत, महाराज. भव्य करू."

"आणि लेकरू?"

भिवजी बोलिला, "त्ये काय थांबायचं न्हाई, सरकार."

महाराज पालखीतून उतरले, शिळेपाशी गेले आणि आपुले नावावरून हात फिरविते जाहले. मग पुसिले, "ही किती हात?"

"सहा, सरकार. रुंदी चार."

"आणि भगदाड?"

भिवजीने हातानेच माप दाविले. "पाच," तो बोलिला.

"तर घाला. नाव खाली करा, वर घातले तर बैल घसरतील."

मग हत्तीने रेटिले, भोयांनी खांदे दिले, खुद्द दिवाणजींनी पागोटे काढून ठेविले, आणि शिळा बसली. घुंगरू वाजत गाडी ऐलाड आली. भिवजीने छिन्नीकडे पाहिले, ती पायाशी स्वस्थ पडली होती, तरी घुंगरू वाजतच होते. तेव्हा म्हातारा ढसढसा रडला.

सगुणा कळांतही विचारती जाहली, "आबा, मोरी कुणी बांदली?"

"बांदली न्हाई गं, नीट केली."

सारांश, मुलगी जाहली, मायलेकी सुखरूप. आठवा रस्ता जाहलाच नाही. हुकूम सुटला की जुन्या वाटांवरून पालखी आधी फिरावी, जेथे धक्का बसेल तेथे पहिला दगड पडावा. तेणेकरून महाराजांची झोप उडाली ती उडालीच, परंतु रयत सुखाने निजू लागली. सात शिळांवरील अक्षरे आता शेवाळाने भरली, वाचावयास कोणी जात नाही. आठवीवरील तेवढी ओढ्याचे पाणी रोज वाचीत जाते. लिहिले ते इतुकेच.